तासाला एक खोटं

बाई फळ्यावर खालून वर लिहायच्या. थर खालूनच साचतात, मग मी वरून कशाला सुरू करू, म्हणायच्या.

रस्त्याने चालताना माणसांकडे बघायच्या नाहीत, भिंतींकडे बघायच्या. समोरून ओळखीचं कुणी आलं तरी त्याच्या मागच्या कुंपणाला ओल कुठवर चढली आहे ते त्यांना दिसायचं. माणूस दिसायचा नाही. अर्ध्या गावाने त्यांना शिष्ट ठरवलं होतं.

चिमूटभर माती दाताखाली धरायच्या. कचकचली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. मग थुंकायच्या. हे कुठेही चालायचं. एकदा बँकेच्या दारातल्या कुंडीपाशी चाललं.

कुणाकडे जेवायला गेल्या की ताटातली लिंबाची फोड उचलून फरशीच्या कोपऱ्यात एक थेंब पिळायच्या. बुडबुडे आले तर संगमरवर, नाही आले तर नक्कल. एका जवळच्या नातेवाइकाच्या नव्या बंगल्यात बुडबुडे आले नाहीत. त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांच्या वहिनींना त्यानंतर त्या घरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

चहा गार झाल्यावरच प्यायच्या.

राग आला की आवाज चढवायच्या नाहीत, उतरवायच्या. इतका की ऐकायला समोरच्याला पुढे वाकावं लागायचं.

आणि तासाला एक खोटं बोलायच्या.

या शेवटच्या सवयीने त्यांचा घात केला, असं आता कॉलेजात बोललं जातं. सवयीने कुणाचा घात होत नाही. माणसं करतात. ती माणसं अजून आपापल्या खुर्च्यांवर बसून आहेत, म्हणून मी हे लिहिते आहे.

मी साहित्याची. पर्यावरण आणि भूविज्ञान हा पेपर आम्हाला सक्तीचा होता. सगळ्या शाखांची पोरं एका लांबट हॉलमध्ये कोंबलेली, वेळ जेवणानंतरची, पंखे डोक्यावर कण्हत असलेले. या विषयात कुणी नापास होत नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत असतं. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचे. वर पृथ्वीचं चित्र, तिच्या डोळ्यांत अश्रू, आत कुठल्या तरी पुस्तकातली पानं. नाव घालायचं आणि जमा करायचं. शिक्षक बघायचे नाहीत. विद्यार्थी वाचायचे नाहीत. वर्षानुवर्षं या पृथ्व्या कपाटात रडत पडलेल्या होत्या.

बाकीच्या सगळ्या शिक्षिका मॅडम होत्या. या एकट्या बाई.

पहिल्या तासाला त्या आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मला फसवणार आहात. फायली आणणार आहात. मला ते माहीत आहे. म्हणून मीही तुम्हाला फसवणार आहे. दर तासाला मी एक वाक्य खोटं बोलेन. कुठलं, ते पुढच्या तासाला तुम्ही सांगायचं. पुस्तकात बघून सांगितलंत तर शून्य. करून बघून सांगितलंत तर पूर्ण मार्क."

मागून एक जण ओरडला, "बाई, आणि सगळंच खरं निघालं तर?"

"तर तू नीट ऐकलं नाहीस."

त्या दिवशी त्या भूजलावर बोलल्या. बोलता बोलता म्हणाल्या की विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं आणि दुपारी गार. कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. सगळ्यांना हे घरून माहीत होतं. आम्ही भलत्याच वाक्यांच्या मागे लागलो.

मागच्या बाकावर एक पहिलवान बसायचा. कुस्तीच्या जोरावर प्रवेश मिळालेला. तो पहाटे तालमीला जाताना वाटेतल्या विहिरीवर थांबला. बादली वर काढून थर्मामीटर बुडवला. दुपारी पुन्हा गेला. पुढच्या तासाला उभा राहून म्हणाला, "बाई, पाणी दोन्ही वेळेला तेवढंच आहे. पहाटे आपला हात गार असतो."

बाई फळ्याकडे गेल्या. ते वाक्य फळ्यावर लिहिलं, आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. म्हणाल्या, "हे मी खोटं बोलले होते."

एवढंच. शाबास वगैरे काही नाही. पण त्या पहिलवानाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याच्या घरच्या सगळ्या पिढ्यांना जे खरं वाटत होतं ते त्याने एका बादलीने खोडलं होतं. त्यानंतर तो पुढच्या बाकावर बसायला लागला. हळूहळू हॉल भरायला लागला. पोरं डब्यांना भोकं पाडून त्यात वाळू आणि माती भरत होती, गच्चीवर बशा ठेवून पाणी किती उडतं ते बघत होती. मी कवितेची मुलगी, मीही आमच्या मोरीत चिखलाची बाटली हलवून कुठला थर आधी बसतो ते बघत बसायचे. आई म्हणायची, हेच करायचं होतं तर साहित्य कशाला घेतलंस?

त्यांना सगळे खोटारड्या बाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. आवडायचंही.

परीक्षा संपली तरी मी त्यांच्याकडे जात राहिले. पुढे एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची नोकरी लागली, तरी जात राहिले. त्यांचं घर म्हणजे भावाच्या फ्रेमच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दादा फोटोंना चौकटी घालायचे, काचा कापायचे. वर दादा-वहिनींची खोली आणि बाईंची खोली. बाईंच्या खोलीत पलंगाखाली दगड होते. वहिनी केर काढताना दगडांना वळसा घालायच्या आणि मोठ्याने बोलायच्या, "बाकीच्यांच्या नणंदा दागिने ठेवतात. आमच्या वन्सं पलंगाखाली डोंगर ठेवतात."

बाई म्हणायच्या, "वहिनी, तो डावीकडचा हलवू नका."

"मी कशाला हलवू? मला माझी कंबर हवी आहे."

दादांचं बहिणीवर प्रेम होतं आणि ते तिला प्रोफेसरीण म्हणूनच हाक मारायचे. संध्याकाळी मी गेले की तिघांचा वाद चाललेला असायचा. असं घर मला पुन्हा मिळणार नाही.

आता कॉलेजचं सांगते.

कॉलेजच्या मागे एक तळं होतं. खोल नव्हतं, पण बारमाही होतं. संस्थेने ते बुजवलं. पाडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या फरशा, कुठल्या कुठल्या खड्ड्यातली माती, सगळं आणून ओतलं. वर मुरूम पसरला, रोलर फिरवला. आणि तिथे मुलींचं वसतिगृह बांधायला घेतलं.

त्याच सुमारास कॉलेजने तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली. डिजिटल समिती नावाची एक समिती झाली. संगणकाचे एक सर तिचे प्रमुख. तास पूर्ण कोण बघतो, म्हणून ते तुकडे पाडायचे. छोटे छोटे, खाली संगीत, कोपऱ्यात कॉलेजचं चिन्ह. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, माझे तुकडे पाडू नका, माझ्या तासाला पुढचा तास लागतो. ते म्हणाले, "मॅडम, आजकाल लक्ष टिकत नाही कुणाचं."

भरावाच्या जमिनीवरच्या तासाला बाई म्हणाल्या, "भराव टाकलेली जमीन दोन पावसाळ्यांत मूळ जमिनीइतकी घट्ट होते. मग तिच्यावर काहीही बांधा."

हे त्या तासाचं खोटं होतं.

पुढच्या तासाला कॉमर्सची एक मुलगी तेलाचा मोठा डबा घेऊन आली. चष्मा, दोन वेण्या, कुणाशी फार न बोलणारी. डब्यात तिने बांधकामावरचा राडा भरला होता, वर पाणी ओतून ठोकला होता, आतल्या बाजूला पेनाने खूण केली होती. रोज थोडं पाणी घालत गेली आणि राडा रोज थोडा खाली जात राहिला. ती म्हणाली, "बाई, थांबतच नाही हा. आणि एका बाजूला जास्त बसतो, एका बाजूला कमी. म्हणजे वर घर असलं तर ते वाकडं होणार ना?" बाईंनी वाक्य लिहिलं, रेघ मारली, हे मी खोटं बोलले होते म्हणाल्या. त्या दिवशी कॅमेरा परीक्षेच्या हॉलमध्ये लावलेला होता.

पालकांची सभा झाली तेव्हा वसतिगृहाच्या भिंती वर आल्या होत्या. सभेला मीही गेले होते, बाईंनी ये म्हटलं होतं म्हणून. एक आई उभी राहिली. हातात पिशवी, बहुधा कामावरून तशीच आलेली. तिने विचारलं, "तिथे तळं होतं ना? माझी मुलगी तळ्यावर झोपणार का?"

संस्थेचे सचिव हसले. गोड हसतात ते. म्हणाले, "ताई, प्रश्न चांगला आहे. उत्तर मी देत नाही, आमच्याच कॉलेजच्या तज्ज्ञ देतील." आणि पडद्यावर बाई आल्या. भिंतीएवढ्या. खाली संगीत. भराव टाकलेली जमीन दोन पावसाळ्यांत मूळ जमिनीइतकी घट्ट होते. मग तिच्यावर काहीही बांधा.

टाळ्या पडल्या. ती आई खाली बसली.

माझ्या शेजारच्या खुर्चीतून बाई उठल्या. त्यांचा आवाज खाली गेलेला होता. "ते वाक्य खोटं आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्याने बोला!"

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. हॉलच शांत झाला.

सचिवांनी विचारलं, "मॅडम, चेहरा तुमचाच आहे ना?"

"माझाच."

"आवाज?"

"माझाच. पुढचा तास लावा. त्यात मी ते खोडलं आहे."

संगणकाचे सर उभे राहून म्हणाले, "पुढच्या तासाचं रेकॉर्डिंग उपलब्ध नाही."

"म्हणजे," सचिव सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आमच्या मॅडम मुलांना खोटं शिकवतात, असं त्यांचं म्हणणं आहे."

हॉल हसला. पालक हसले. पुढच्या रांगेतले प्राध्यापक हसले. बाईंबरोबर इतकी वर्षं एका खोलीत डबा खाल्लेले.

"हो," बाई म्हणाल्या. "दर तासाला."

या उत्तराचा त्यांनी फास केला. मला ते अजून गिळता येत नाही. ज्या माणसाने त्या कॉलेजात कुणाला तरी काहीतरी खरंखुरं शिकवलं, त्याच्यावर खोटं शिकवल्याची चौकशी. आणि कपाटातल्या रडक्या पृथ्व्यांवर सह्या ठोकणाऱ्यांची चौकशी समिती.

प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. काय झालं ते बाईंनी संध्याकाळी दुकानात आम्हाला करून दाखवलं. प्राचार्यांसारखी मान तिरपी करून, चष्मा कपाळावर चढवून. दादा हसत होते. मग हसायचे थांबले.

प्राचार्य म्हणाले होते, "तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. सदर विधान बरोबर आहे. बस. विषय संपला."

"आणि चूक आहे असं लिहिलं तर?"

"मग तुम्ही वर्गात जाणूनबुजून चूक शिकवलंत असा अर्थ होतो. मग माझे हात बांधलेले आहेत."

"सर, तुम्ही रसायनशास्त्राचे. तुम्हाला काय वाटतं? बरोबर आहे ते?"

"मला काय वाटतं हा प्रश्नच नाही, मॅडम."

दादांच्या हातात अर्धी कापलेली काच होती. ते म्हणाले, "लिहून टाक प्रोफेसरीण. उद्या काही झालं तर इंजिनिअर आहे, ठेकेदार आहे. तुझ्या एका ओळीवर थोडीच उभी आहे इमारत?"

"दादा, त्या आईने माझा चेहरा बघितला आणि खाली बसली."

"नोकरी जाईल."

"हं."

वहिनी जिन्यात उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या रडतील किंवा दादांची री ओढतील. त्या म्हणाल्या, "वन्सं, माझ्या सख्ख्या मावसभावाच्या फरशीवर लिंबू पिळलंत. चार माणसांत माझं नाक कापलंत. तेव्हा नातं बघितलं नाहीत. आता प्राचार्य बघणार होय?"

बाई हसल्या. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. त्यांनी दादांच्याच काउंटरवर कागद ओढून लिहिलं. वाक्य खोटं आहे. ते मी बोलले आहे. ते खोटं का आहे हे पुढच्या तासाला एका विद्यार्थिनीने दाखवलं, तिला विचारावं.

तिला कुणी विचारलं नाही.

बाईंचा तास काढून घेतला. वर्गात जायचं नाही, चौकशी संपेपर्यंत ग्रंथालयातल्या खुर्च्या-टेबलांची मोजदाद करायची. तास शारीरिक शिक्षणाच्या सरांना दिला. ते पडद्यावर चित्रं दाखवायचे. पृथ्वी आपली आई आहे. झाडे लावा. दिवे बंद करा. सगळं खरं होतं. एकही वाक्य खोडण्यासारखं नव्हतं. दोनच आठवड्यांत मागचे बाक पुन्हा झोपायला लागले.

मग कॉमर्सची मुलगी एके दिवशी कॉलेज सुटल्यावर ग्रंथालयात आली. म्हणाली, "बाई, वसतिगृहाच्या कोपऱ्यावर भेग आहे. तिरकी. माझ्या डब्यासारखी वाटते."

बाईंनी खुर्च्या तिथेच सोडल्या.

वसतिगृह तोवर उभं राहिलं होतं, आतलं किरकोळ काम चालू होतं. बाई आणि ती मुलगी भिंतीपाशी गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी काही पोरं आली. पुढच्या आठवड्यात वीसेक. त्यातली काही विज्ञानाची, बरीचशी नुसती जिज्ञासेची. सक्ती नाही, हजेरी नाही, मार्क नाहीत. कॉलेज सुटल्यावर त्या भिंतीपुढे उभ्याने तास व्हायचा. मी कामावरून सुटून जायचे. तासाला एक खोटं चालू होतंच.

भेग हलते आहे की जुनी आहे, हे कसं ओळखायचं? बाईंनी दादांकडून काचेची बोटभर रुंदीची पातळ पट्टी आणली. भेगेच्या आडवी धरली. दोन्ही टोकं पांढऱ्या सिमेंटने भिंतीला चिकटवली. "काच ताणत नाही," त्या म्हणाल्या. "भिंत केसभर जरी सरकली तरी ही तडकेल. भिंत खोटं बोलेल, इंजिनिअर बोलेल, मी तर बोलतेच. काच नाही बोलणार."

काही दिवसांनी काच तडकली.

बाईंनी प्राचार्यांना कळवलं. सचिवांचा निरोप आला, पोरांनी दगड मारला असेल.

हे ऐकून दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहून टाक म्हणणारे तेच दादा. त्यांनी एक छोटी लाकडी चौकट केली, फोटोला करतात तशी, आणि तिच्यावर बारीक लोखंडी जाळी ठोकली. "घे," म्हणाले. "आता मारू दे दगड. माझ्या चौकटीला काही झालं तर मी धंदा बंद करतो."

बाईंनी नवी काच लावली आणि वर जाळीची चौकट बसवली. चौकटीला काही झालं नाही. जाळीला काही झालं नाही. आतली काच तडकली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "गप्प. टाळ्या वाजवायची गोष्ट आहे का ही? आत पोरी झोपणार आहेत."

यावर सचिवांचं म्हणणं आलं, उन्हाने तडकली असेल.

बाईंनी तेही वाक्य पोरांना दिलं. पोरांनी तशीच एक काच शेजारच्या जुन्या, धडधाकट कुंपणभिंतीला लावली. त्याच उन्हात. ती अजून शाबूत आहे. मी काल बघून आले.

शेवटचा तास मला शब्द न् शब्द आठवतो. तो एका मुलाने फोनवर घेतला आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. वसतिगृहाचं मागचं दार उघडं होतं, बाई पोरांना घेऊन आतल्या जिन्यापाशी गेल्या. जिन्याच्या भिंतीवर एक उभी भेग होती. केसासारखी. बाईंनी तिच्यावर नख फिरवलं. म्हणाल्या, बाहेरची तिरकी भेग वर रुंद आहे आणि खाली बारीक, म्हणजे कोपरा बसतो आहे. म्हणाल्या, खिडकीवरची भेग दुपारच्या उन्हाने थोडी मिटते आणि सकाळी थोडी उघडते, तेवढं प्रत्येक इमारतीत चालतं. आणि म्हणाल्या, ही जिन्याजवळची भेग फक्त गिलाव्याची आहे, हिची काळजी करू नका.

"यातलं खोटं कुठलं ते गुरुवारी," त्या म्हणाल्या. "आणि गुरुवारी इथे काच लावायची. या वेळी मी हात लावणार नाही. तुम्ही लावायची."

"बाई, सिमेंट किती पातळ करायचं?" कॉमर्सच्या मुलीने विचारलं.

"गुरुवारी."

गुरुवारी सकाळी बाई दुकानात खालीच बसल्या होत्या. दादांनी त्यांच्यासाठी काचेची पट्टी कापून ठेवली होती. वहिनींनी चहा आणून दिला. दादा एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. थोड्या वेळाने त्यांचं लक्ष गेलं तर बाई खुर्चीत मागे टेकलेल्या होत्या आणि चहा समोर तसाच होता. त्यांना वाटलं, नेहमीसारखी गार व्हायची वाट बघते आहे.

चहा कधीच गार झाला होता. बाईंचं हृदय बंद पडलं होतं.

चिडचिड करून घेतली हो, असं मला भेटेल तो सांगतो. राग गिळायला हवा होता, वयाचा विचार करायला हवा होता. मला या लोकांची तोंडं धरून त्या भिंतीपुढे उभी करावीशी वाटतात. बाई रागाने गेल्या नाहीत. हृदय होतं, थांबलं. त्यांच्या शेवटच्या महिन्यांत त्या जितक्या जिवंत होत्या तितक्या मी त्यांना कधी बघितल्या नव्हत्या. राग यायला हवा होता तो बाकीच्यांना. तो कुणाला आला नाही, म्हणून त्यांना एकटीला सगळ्यांच्या वाटचा करावा लागला.

कॉलेजने शोकसभा घेतली. त्याच हॉलमध्ये. बाईंचा फोटो ठेवला होता, फ्रेम बाजारातली. दादांना विचारायचंही कुणाला सुचलं नाही. दादा आणि वहिनी मागच्या रांगेत बसले होते. संगणकाचे सर नवनव्या अध्यापन पद्धतींवर बोलले. मग प्राचार्य उभे राहिले. म्हणाले की मॅडम निःस्पृह होत्या. म्हणाले की वसतिगृहाविषयी त्यांच्या मनात काही शंका होत्या, पण जाण्यापूर्वी त्यांचं समाधान झालं होतं. आणि पडद्यावर पुन्हा बाई आल्या. जिन्यापाशी उभ्या, भिंतीवर नख फिरवत. फक्त गिलाव्याची आहे, हिची काळजी करू नका.

तुकडा. परत तुकडा.

मला वाटलं मी ओरडेन. आयुष्यभर शब्दांचा अभ्यास केला, आणि वेळेला मी खुर्चीत बसून राहिले.

उठली कॉमर्सची मुलगी. चष्मा पुसत म्हणाली, "सर, त्या तासाचं खोटं अजून सापडायचं आहे."

"बस खाली. ही वेळ आहे का?"

"बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. कोपरा बसतोय, ऊन लागलं की भेग मिटते, आणि ही गिलाव्याची. यातली एक खोटी आहे. आम्ही बाकीच्या दोन तपासल्या, सर. त्या खऱ्या आहेत."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. एवढाच फरक पडला.

"ही राहिली आहे," ती म्हणाली. "जिन्याचं दार उघडून द्या. आम्ही काच लावतो. तडकली नाही तर तुमचं बरोबर."

प्राचार्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायला सांगितली. तिचं बोलणं त्या शांततेखाली गाडलं गेलं.

त्यानंतर ठेकेदाराची माणसं आली. बाहेरची जाळीची चौकट पहारीने काढून फेकली. भेगांमध्ये पुट्टी भरली, वर फिकट पिवळा रंग दिला. जिना आतून रंगवला आणि मागच्या दाराला कुलूप लागलं. खोल्यांच्या वाटपाची यादी फलकावर लागली आहे. कॉमर्सच्या मुलीला जिन्यालगतची खोली मिळाली. तिचं गाव दूर आहे, तिला दुसरी सोय नाही. ती म्हणाली, "बरं झालं. आतून तरी दिसेल."

मी सगळ्या पालकांना पत्रं टाकते आहे. त्या पिशवीवाल्या आईला शोधते आहे. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन बसते आहे. तिथे मला विचारतात, तुम्ही इंजिनिअर का? नाही म्हटलं की चहा देतात.

काल दुकानात गेले होते. दादा काम करत होते. काउंटरच्या कडेला गुरुवारी कापलेली काचेची पट्टी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्या शेजारी एका वाटीत बाईंनी काढून ठेवलेलं पांढरं सिमेंट, कोरडंच. त्यात किती पाणी घालायचं ते गुरुवारी सांगायचं राहिलं आहे.